रेकॉर्ड सोडली

उद्यमनगर, कोल्हापूर
(हा पत्ता आता थोड्याच दिवसांचा)

प्रिय इरम,

पोस्टाचं पाकीट बघून आधी दचकली असशील. तुमच्याकडं पाकीट आलं म्हणजे लाइटबिल नाहीतर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. यातलं काही नाही. लग्न तर अजिबातच नाही, हे तुझ्या अम्मीला आधी सांगून टाक. फोन का केला नाहीस म्हणून शिव्या देऊ नकोस. तुमच्या रत्नागिरीच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. दादांना कमी ऐकू येतं म्हणून, आणि बाकीच्यांना सगळंच ऐकायचं असतं म्हणून. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा मोबाइल घरात पाण्याच्या तांब्यासारखा हातोहात फिरतो. आणि हे दादांनी ऐकून चालणार नाही. निदान आत्ता नाही. तेव्हा पत्र घेऊन गच्चीवर जा, जे काय वाळत घातलं असेल ते बाजूला सरकव आणि बस. मी लांबण लावणार, तुला माहीतच आहे. दहावीला 'माझा आवडता सण' लिहिताना मी बेंदरापासून सुरू केलं आणि बैलाचे दात बघून वय कसं ओळखतात यावर संपवलं. बाईंनी खाली लिहिलं होतं, 'सण कुठे गेला?'

पहिली बातमी. आमचं घर झालं. गडमुडशिंगीला. आण्णांनी वर्कशॉपात लेथपुढं उभं राहून पायाच्या शिरा सुजवून घेतल्या, त्याचं हे फळ. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढं एवढंसं अंगण. अंगणाला कुंपण नाही अजून, पण आईनं कढीपत्ता लावून टाकलाय. अक्षय्य तृतीयेला घरभरणी. सामान हलवणार कोण? मीच. छोटा हत्ती टेम्पो अजून चालवते. हो, अजून! आयटीआय अर्ध्यात टाकलं, ब्युटीपार्लरचा कोर्स टाकला, गोव्यातल्या हॉटेलातून पगार घ्यायच्या आधी पळून हंपीला गेले, पण ही गाडी सुटली नाही. रोज दुसऱ्या गावाला जायचं आणि रोज दुसऱ्याचं घर मागं टाकायचं, माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे? लोकांची गंमत बघ, फ्रिज खुशाल मागं टाकतात, टीव्ही टाकतात, पण लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसतात. परवा एका काकांनी भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरलं होतं. मी म्हटलं, काका, मागं ठेवा की. तर म्हणाले, "न्हाय, हे बंद पडलंय, हादऱ्यानं चालू व्हायचं." अजून कळलं नाही मला, चालू झालं तर बिघडत काय होतं.

जाऊ दे. दुसरी बातमी ऐक. मी रेकॉर्ड सोडली.

हसू नकोस. कायमची नाही. आईनं चहा सोडलाय ते आठवतं ना? प्लॉट घेतला त्या साली ती जोतिबाला गेली आणि घर होईस्तोवर चहा सोडते म्हणून बोलून आली. आमच्यात असंच असतं. कुणी वांगं सोडतं, कुणी पायातलं पायताण. पण चहा! तुला माहीत आहे, आईला आधी चहा लागायचा आणि मग डोळे उघडायला लागायचे. तिनं तो सोडला तो सोडलाच. लग्नाकार्यात लोकांनी कप पुढं केला की नुसता वास घेऊन परत द्यायची. तर यंदा खेट्याला, माघातल्या रविवारी जोतिबाच्या वारीला, मला बरोबर घेऊन गेली. दर्शन झालं, पायऱ्यांवर बसलो, दोघी गुलालानं माखलेल्या, आणि ती म्हणते, "मी चहा सोडला. आण्णांनी तंबाखू सोडली. तू घरासाठी काय सोडतीस?" मी तोंड उघडायच्या आत तीच पुढं म्हणाली, "तसं तू सोडत आलीसच की जन्मभर. आयटीआय सोडलंस, कोर्स सोडलास, नोकरी सोडलीस. पण ते सगळं कंटाळून सोडलेलं. एकदा तरी ठरवून सोड, आणि शेवटापर्यंत ने." शेजारच्या पायरीवर नारळ फोडणारी बाईसुद्धा माझ्याकडं बघायला लागली. मला राग आला आणि रागात तोंडातून गेलं, "रेकॉर्ड सोडली! नव्या घरात जाईस्तोवर एक घेणार न्हाई, एक वाजवणार न्हाई." आईनं तिथल्या तिथं माझ्या कपाळावर गुलाल लावला. म्हणजे झालं. कोर्टाचा शिक्का.

तुला तेव्हा कळवलं नाही, कारण मी टिकेन याची मलाच खात्री नव्हती. सुरुवातीला हात नुसते शिवशिवायचे. प्लेअरवर आईनं इस्त्रीचे कपडे रचून ठेवले, मुद्दाम. घरात एवढी शांतता झाली की मला पहिल्यांदा कळलं, आपल्या गल्लीतल्या फाउंड्रीचा पंखा एका सुरात घुमतो, आणि तो हार्मोनियमच्या काळी दोनच्या जवळपास आहे. नेसरीहून एक माणूस सारखा फोन करायचा, ट्रंकभर रेकॉर्डी आहेत, नुसत्या घेऊन जा, जागा अडते. इरम, ट्रंकभर! मी "रॉंग नंबर" म्हणून फोन ठेवला आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. आण्णा रोज संध्याकाळी कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "टिकली का?" मी म्हणायची, टिकली. मग ते आईकडं बघून हसायचे. पैजेतलं कोंबडं बघावं तशी बघायची दोघं मला.

पण मला खरी भीती वेगळीच होती. याच दिवसांत दादांची रेकॉर्ड कुठंतरी निघाली तर?

आई अजून विचारते, "इरमचे दादा म्हणजे भाऊ का आजोबा?" मी सांगते, आजोबा, कुतुबुद्दीन दादा, क्लॅरिनेटवाले. माझा हा सगळा नाद त्यांच्यामुळं लागला ना. नववीत, तुम्ही अजून कोल्हापुरात होता तेव्हा, तू मला पहिल्यांदा घरी नेलंस आणि त्यांनी शिरखुर्म्याची वाटी संपायच्या आत मला ती गोष्ट ऐकवली. तरणे होते, कोल्हापुरात बँडमध्ये वाजवायचे. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची माणसं आली होती, एका हॉलमध्ये गाद्या-बिद्या लावून रेकॉर्डिंग केलं. त्या दिवशीचा बँड बाहेरगावचा, घाटाकडचा, नाव विसरले. पण टाचणी विसरले नाहीत. "कोट दुसऱ्याचा. बाह्या वीतभर लांब. दुमडून टाचण्या लावल्या. दम भरला की टाचणी दंडात टोचायची, म्हणून त्या दिवशी माझा सूर असा चढा लागला की मलाच कळेना कोण वाजवतंय." गोष्ट कायम टाचणीपासून सुरू, टाचणीवर संपायची. आणि रेकॉर्ड? ती त्यांनी कधी बघितलीच नाही. बाजारात गेले, दुकानात विचारलं, कुतुबुद्दीन नावाची एकही नाही. कंपनी पण लवकरच बुडाली म्हणे. मग तुमच्या घरात ती म्हणच झाली. कुणी म्हणालं यंदा बोनस मिळणार, की तुझे चाचा, "व्हय, दादांची रेकॉर्ड!" कुणी म्हणालं पाव्हण्यांनी पोरगी पसंत केली, "व्हय, दादांची रेकॉर्ड!" दादाही हसायचे सगळ्यांबरोबर. म्हणून मला वाटायचं त्यांना त्याचं काही नाही.

तू आणि मी किती भंगाराची दुकानं उपसली गं. जयसिंगपूरच्या त्या दुकानात तर उंदीर निघाला आणि तू रेकॉर्डींच्या ढिगावर चढलीस, दोन तुझ्या पायाखाली गेल्या, त्याचे पैसे दुकानदारानं माझ्याकडून घेतले. त्याच ढिगात ती छोटी बँडची तबकडी होती, आठवते? वर इंग्रजीत लिहिलेलं, 'मास्टर पावणे अँड पार्टी'. तू वाचलंस आणि दुकानातच ओरडलीस, "पावणं, च्या घेणार का?" आपण हसून हसून खाली बसलो. हसण्यापायी ती घेतली, आणि वाजवली कधीच नाही, कारण तिचं मधलं भोक मोठं होतं, आपल्या प्लेअरच्या दांडीवर ढिली बसायची. नंतर कितीतरी दिवस कुणी अनोळखी आलं की तू मला कानात म्हणायचीस, "मास्टर पावणे आले." पुढचं सांगायच्या आधी हे आठवून ठेव.

थंडीत तुझा आवाजी मेसेज आला तेव्हा मी निपाणीकडून येत होते. तू म्हणालीस, दादा आता रेकॉर्डचा विषय काढत नाहीत. चाचांनी नेहमीसारखी म्हण टाकली तर दादा शांतपणे म्हणाले, "असंल सपान. म्हातारपणी माणसाला काय बी आठवतं." मी गाडी उसाच्या कडेला लावली आणि ते पुन्हा ऐकलं. लोकांनी हसावं ते हसावं, पण ज्याची गोष्ट त्यानंच ती खोटी म्हणायची? मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारून मारून मला पुढं ढकललं.

आता मलकापूर. तिथल्या एका शिक्षकांचं सामान पोचवायला गेले होते. (कोल्हापुरी पोरीच्या तोंडात 'गेलतो'च येतं, पण पत्रात 'गेले' लिहिते. रत्नागिरीचं पोस्ट आहे, लाज राखायला हवी.) परत येताना गाडी रिकामी. वडाप जीपच्या स्टँडवर चहा पिताना कळलं, इथं गुंडूनाना म्हणून आहेत, पूर्वी लग्नाला लाऊडस्पीकर लावायचे, आणि त्यांच्याकडं रेकॉर्डी न्यायच्या लाकडी पेट्या आहेत, आत खाचा पाडलेल्या, एकेका खाचेत एकेक तबकडी उभी राहते. मला घर हलवायला अश्शीच पेटी पाहिजे होती. पेटी म्हणजे काही रेकॉर्ड नव्हे. गेले. म्हातारा अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसलेला. "पावणं, कुणीकडनं?" "कोल्हापूर." "रेकॉर्डी बघायला?" "न्हाय नाना, रिकामी पेटी पायजे." त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. "रिकामी? पुण्या-मुंबईची लोकं येत्यात, रेकॉर्डी नेत्यात, पेटी टाकून जात्यात. तू उलटी कशी गं?" मी म्हटलं, "मी रेकॉर्ड सोडलीया." तर म्हातारा कानाला हात लावून माझ्या गाडीकडं बघायला लागला. "कुठं सोडलीस? आवाज येत न्हाय की!"

इरम, स्पीकरवाल्यांच्या भाषेत रेकॉर्ड सोडणं म्हणजे वाजवणं! मांडवातून नवऱ्यामुलाचा मामा ओरडायचा, "ए, सोड रं एखादी!" की हे सुई टेकवायचे. मी त्यांना जोतिबा, आई, चहा, सगळं सांगितलं तेव्हा ते एवढे हसले की त्यांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या आणून दिला. "जलमभर सोडली मी, आणि ही पोरगी म्हणती मी सोडली." मग खूश होऊन पेटी काढली, पुसली, मला चहा दिला आणि बोलायला लागले. स्पीकरच्या आधी ते बँडमध्ये ताशा वाजवायचे. "आमच्या बँडचीबी रेकॉर्ड निघालीया, तुला खोटं वाटंल," म्हणाले. मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक दादा. "कोल्हापुरातच वाजवली. फोटू काढणार म्हणून सगळी युनिफॉर्मात. आणि आयत्या वक्ताला आमच्या क्लॅरिनेटवाल्याला गालगुंड! गाल ह्यो असा, फुग्यागत. फुंकतोय कशाचा? मग तिथलंच एक पोरगं धरून आणलं. मिसरूड फुटलेलं. नाव इचारायला कुणाला सवड? दिसभर आपलं, पावणं जरा वर, पावणं जरा दमानं. आम्ही त्याच्या गावात आल्यालो, तरी पावणं त्योच! आमचा क्लॅरिनेटवाला जाडजूड, त्याचा कोट ह्याला घातला, तर बाह्या पार खाली. मग मीच टाचण्या लावल्या की."

चहा माझ्या मांडीवर सांडला. भाजलं ते मला नंतर कळलं.

मी विचारलं, नाना, मग रेकॉर्डवर त्याचं नाव? म्हणाले, "तीच तर गंमत. कंपनीचा कारकून मुंबईचा. वहीत नावं टिपत होता. क्लॅरिनेट कोण म्हणाला. मी म्हटलं, ते व्हय? ते पावणं! त्यानं तसंच लिवलं. पुढं रेकॉर्ड आली तवा आमचा मास्तर बोंबलला, आरं हे मास्टर पावणे कोण? आणि आम्ही सगळी मागं, 'पार्टी'त!" आणि शेवटी एक सांगितलं. पोरानं असं काही वाजवलं की बाजा थांबल्या थांबल्या नानांच्या तोंडून निघून गेलं, "वा पावणं!" कंपनीवाला चिडला. पण पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, तसंच छापलं. "माझा आवाज हाय त्या रेकॉर्डीत," म्हातारा छाती पुढं काढून म्हणाला. मी सांगितलं, नाना, त्या पावण्यांचं नाव कुतुबुद्दीन. ते आहेत अजून. रत्नागिरीला असतात. नानांनी दोनदा नाव घोळवलं तोंडात. "कुतुबुद्दीन. बघ की, पावण्याला नाव मिळालं." सुनेला हाक मारून तिलाही सांगितलं.

मी पेटी मागं टाकली, गाडी सुरू केली आणि बांबवड्याच्या अलीकडं मला आठवलं, मास्टर पावणे घरात नाहीत!

सांगायचं राहिलंच बघ. आवराआवरीत मी बँडच्या, चरे पडलेल्या, न वाजणाऱ्या सगळ्या रेकॉर्डी काढून टाकल्या होत्या. घ्यायच्या नाहीत, वाजवायच्या नाहीत, पण द्यायला कुठं बंदी आहे? आपल्या वर्गातला पृथ्वीराज, जो बाकावर झोपायचा, त्यानं आता मिसळीचं हॉटेल काढलंय, आणि जुन्या काळाचा देखावा म्हणून भिंतीवर कंदील, सायकलचं हँडल असलं काहीबाही लावलंय. त्याला नेऊन दिल्या. बोरपाडळे, वाघबीळ कधी गेलं कळलं नाही. सगळ्या रस्ताभर एकच डोक्यात, त्यानं रंग तर मारला नसेल? घड्याळ तर केलं नसेल? चिकटवली तर नसेल?

हॉटेलात शिरले, रश्शाची ऐन गर्दी. भिंतीवर रेकॉर्डी ओळीनं. एकेक वाचत गेले, लोकांच्या डोक्यावरून, एकाच्या तर्रीत माझी ओढणी बुडाली. नाही, नाही, नाही. आणि मग दिसली. हात धुवायच्या बेसिनच्या वर, आरशाशेजारी. मास्टर पावणे अँड पार्टी. खिळा त्या मोठ्या भोकातून आरपार, तबकडीला धक्कासुद्धा नाही. जे भोक मोठं म्हणून आपण ती कधी वाजवली नाही, त्याच भोकानं ती वाचली. लोक हात धुऊन पाणी झटकत होते तिच्यावर, आणि ती ढिम्म. मी हात वर केला, बोटं तिच्या कडेला लागली, आणि थांबले. घ्यायची नाही. एकही घ्यायची नाही, असं बोलले होते. मागं रांग लागली. "ओ ताई, हात धुवायचं हायत." मी तशीच, हात वर करून, बसमध्ये कडीला लोंबकळल्यासारखी. पृथ्वीराज धावत आला. "अगं काय झालं? तीच पायजे? घेऊन जा की, पण भिंतीला टक्कल पडंल." मी म्हटलं, घेऊ शकत नाही. तो म्हणाला, मग सोड. मी म्हटलं, सोडलीच आहे रे! त्याला काही कळलं नाही. मी आईला फोन लावला.

आई रिक्षातून आली, हाताला कणीक तशीच. मी सगळं सांगितलं. दादांची टाचणी, नानांची टाचणी, पावणं. तिनं भिंतीकडं बघितलं, पदर खोचला, आणि सगळं हॉटेल ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "दिल्याली वस्तू परत आणली तर ती घेतली कशी म्हणायची? लेक माहेराला आली म्हणून कुणी नवी लेक आणली म्हणतं व्हय?" दोन टेबलांवरच्या बायकांनी माना हलवल्या. एक म्हातारे गृहस्थ पाव हातात धरून म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं." निकाल लागला! आईनं स्वतः खिळ्यावरून उतरवली, पदरानं पुसली. पृथ्वीराजनं तिच्यापुढं चहा ठेवला. आईनं वास घेतला आणि कप परत सरकवला. "अक्षय्य तृतीयेला घरी ये. माझ्यासंगं पी."

यापुढचं ऐकून तुझा विश्वास बसणार नाही. घरी आलो, आणि आण्णा तडक वर्कशॉपात गेले. शिल्लक पितळाच्या गजाचा तुकडा लेथवर धरून त्यांनी एक चकती काढून आणली, मोठ्या भोकात घट्ट, मधून दांडीपुरतं छिद्र. रेकॉर्ड बसवून दाखवली, अशी गच्च बसली की आण्णांनीच "वा" म्हटलं. मग आईनं प्लेअरवरचे कपडे उचलले. स्वतः. आणि म्हणाली, "एकदाच लाव. हळू आवाजात. जोतिबा काय म्हणायचा न्हाई." आण्णा म्हणाले, "शेवटचं तेवढं 'वा पावणं' तरी ऐकू." दोघंही माझ्याकडं बघत उभी, लहान पोरांसारखी. माझा हात सुईपर्यंत गेला, इरम. खोटं कशाला बोलू? सुईखाली दादा होते. पंधरा वर्षांची पोरगी असल्यापासून मी त्यांना शोधतेय. मी हात मागं घेतला, आईकडून कपडे घेतले आणि परत प्लेअरवर रचले. म्हटलं, "नव्या घरात." आईनं रचलेले कपडे हातानं सारखे केले. मग आत गेली आणि खूप वेळानं तिथूनच ओरडली, "आण्णा, तुमची पोरगी टिकली हो!" आण्णांनी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं. काय टिकली ते कुणालाच कळलं नाही, पण फाउंड्रीतल्या पोरांनी "चांगभलं" म्हणून आरोळी ठोकली. तेवढं निमित्त लागतंच त्यांना.

रेकॉर्ड आता गुंडूनानांच्या पेटीत आहे, पहिल्या खाचेत, एकटी. आणि पत्र यासाठी लिहितेय. ती मी ऐकलेली नाही आणि दादांच्या आधी ऐकणारही नाही. अक्षय्य तृतीयेला तू दादांना घेऊन ये. घरभरणी आहे एवढंच सांग. रेकॉर्डचं नाव काढू नकोस, आणि चाचांनाही आण, मुद्दाम आण, सगळ्यांत पुढं बसवू. नानांना मी मलकापूरहून आदल्या दिवशी गाडीतून आणणार आहे. ते आत्तापासून नवा सदरा शिवून बसलेत. नव्या घरात अजून कुठलाच आवाज झालेला नाही, भांड्याचासुद्धा नाही. आई दूध उतू घालेल, चहाचं आधण ठेवेल, पण पिणार नाही. आधी रेकॉर्ड सुटू दे म्हणते. मी दादांचा हात धरून त्यांना प्लेअरपाशी नेईन आणि म्हणेन, दादा, मी सोडलेली आहे, आता तुम्ही सोडा. तेवढ्यासाठी त्यांना ठणठणीत ठेव, त्यांच्या कानातल्या यंत्राचा सेल बदल, आणि येताना त्यांना कोट घालून आण. कुणाचाही चालेल, मापाचा नसला तरी. टाचण्या नाना आणणार आहेत.

तुझीच,
टिकलेली अनुजा